जुना खाडीमार्ग मालवाहतुकीसाठी पुन्हा उभा करताना: माल, खोली आणि पैसा

नागोठणे, महाड, चिपळूणजवळचे गोवळकोट, राजापूर ही गावे आज कोणी बंदरे म्हणून ओळखत नाही. परंतु भरतीचे पाणी जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंत पडाव आणि मचवे नेऊन घाटावरच्या मालाची समुद्राशी गाठ घालून देणारी ही ठाणी होती. गाळ साचला, रस्ते झाले, रेल्वे आली आणि मालाचा धक्का हळूहळू खाडीच्या मुखाकडे सरकत गेला. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील एकूण १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले, तेव्हा कोकण आणि गोव्यातील अनेक जुने मार्ग पुन्हा कागदावर आले. अंबा नदी हा जलमार्ग क्रमांक १०, दाभोळ खाडी व वाशिष्ठी हा २८, रेवदंडा खाडी व कुंडलिका हा ८५, सावित्री म्हणजे बाणकोटची खाडी ८९, जयगड खाडी व शास्त्री ९१. गोव्यात मांडवी ६८, जुवारी १११ आणि त्या दोघींना जोडणारा कुंभारजुवे कालवा २७. घोषणेने केंद्राला या मार्गांवर खर्च करण्याचा अधिकार मिळाला, मात्र त्यामुळे एकाही खाडीची खोली वाढली नाही.

अशा एखाद्या मार्गासाठी आधुनिकीकरणाचा आणि निधीचा प्रस्ताव ज्यांना तयार करायचा आहे, अशा औद्योगिक वसाहतींच्या संघटना, बार्जमालक (बार्ज म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका), जिल्हा नियोजन समितीचे सदस्य आणि सागरी मंडळाशी पत्रव्यवहार करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यातील मुख्य आग्रह एकच आहे: आधी माल, मग खोली, मग जहाज आणि सर्वांत शेवटी टर्मिनल हा क्रम मोडू नये, आणि पैसाही त्याच क्रमाने मागावा. आपल्याकडे बहुतेक प्रस्ताव नेमके उलट्या टोकाने, म्हणजे धक्क्याच्या आराखड्यापासून सुरू होतात, कारण धक्क्याचे भूमिपूजन करता येते आणि खोलीचे करता येत नाही.

मालाचा हिशेब

जलवाहतूक स्वस्त आहे, हे सांगताना प्रति टन-किलोमीटर रस्त्याने सुमारे २ रुपये ५० पैसे, रेल्वेने १ रुपया ३६ पैसे आणि जलमार्गाने १ रुपया ६ पैसे असे आकडे सरकारी कागदपत्रांत वर्षानुवर्षे दिले जातात. हे दर जुने आहेत. तरी तुलनेसाठी चालतील. अडचण निराळी आहे. हे आकडे केवळ मार्गावरच्या प्रवासाचे आहेत. कारखान्यापासून धक्क्यापर्यंतचा ट्रक, बार्जमध्ये भरणी, दुसऱ्या टोकाची उतरणी आणि पुन्हा ट्रक यांचा खर्च त्यांत नाही.

म्हणून प्रत्येक मालासाठी स्वतंत्र गणित मांडावे. समजा, एखादा माल रस्त्याने १५० किलोमीटर जातो, तर वरील दराने टनामागे ३७५ रुपये पडतात. तोच जलमार्गाने १४० किलोमीटर नेला तर १४८ रुपये लागतात आणि दोन्ही टोकांच्या हाताळणीसाठी २२७ रुपये उरतात. हे कदाचित जमेल. आता अंतर ४० किलोमीटरचे धरा: रस्त्याचे १०० रुपये, पाण्याचे ४२, आणि दोन वेळच्या चढउतारासाठी उरतात फक्त ५८ रुपये. कोकणातील बहुतेक जलमार्गांची लांबी ३० ते ५० किलोमीटरच्या दरम्यान आहे, हे लक्षात घेतले की एकट्या खाडीपुरती मालवाहतूक सहसा का परवडत नाही, ते उघड होते.

ती परवडते दोन परिस्थितींत. पहिली, खाडीचा प्रवास समुद्रावरच्या लांब प्रवासाचा शेवटचा टप्पा असेल आणि मध्ये माल पुन्हा हाताळावा लागत नसेल तर; दुसरी, कारखाना किंवा खाण थेट काठावर असेल तर. अंबा नदीवरील धरमतर येथे दोन्ही गोष्टी जुळल्या आहेत. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी लागणारा कच्चा माल समुद्रातून येऊन थेट कारखान्याच्या धक्क्यावर उतरतो, त्यामुळे एका टोकाचा ट्रक पूर्णपणे वगळला जातो. देशातील अंतर्देशीय जलवाहतूक २०१३-१४ मधील सुमारे १.८१ कोटी टनांवरून २०२४-२५ मध्ये सुमारे १४.५८ कोटी टनांवर गेली असे सांगितले जाते, तेव्हा त्या वाढीत अंबेसारख्या भरतीच्या मार्गांचा वाटा मोठा आहे, ही बाब प्रस्तावात आवर्जून नोंदवावी.

गोव्यातील खनिजवाहतूक हे दुसरे उदाहरण, आणि तेच इशाराही आहे. मांडवी व जुवारीच्या काठच्या धक्क्यांवरून लोहखनिज बार्जमध्ये भरून मुरगावकडे नेण्याची व्यवस्था अनेक दशके उत्तम चालली. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि दोन्ही वेळा मार्ग जसाच्या तसा असूनही बार्जना काम उरले नाही. एकाच मालावर उभा असलेला जलमार्ग कर्जाची परतफेड किती काळ करू शकेल, हा प्रश्न बँकेने विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा.

मालाची यादी करताना इच्छापत्रांवर समाधान मानू नये. ‘सोय झाल्यास वापर करू’ असे लिहिलेल्या पत्राला काहीही किंमत नसते. किती टन, कोणत्या महिन्यांत, कोणत्या दराखाली आणि न पाठवल्यास किती रक्कम भरण्याची तयारी आहे, इतक्या गोष्टी असलेला किमान मालाचा करार एक-दोन मोठ्या मालधन्यांकडून मिळाला, तर तो पन्नास पत्रांना भारी ठरतो. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतील रसायने जलमार्गाने न्यायची म्हटली, तर टाकीबंद वाहतूक, गळतीची जबाबदारी आणि विमा यांचा खर्च त्या करारात आधीच धरावा लागेल. शिवाय स्पर्धा फक्त महामार्गाशी नाही: कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक रो-रो पद्धतीने वॅगनवर चढवून नेते, आणि तिथे माल उतरवावाच लागत नाही.

खोली: मोजणी, भरती आणि गाळ

जलमार्गाचे खरे भांडवल म्हणजे किमान उपलब्ध खोली. मार्गातील सर्वांत उथळ जागा जेवढी, तेवढेच जहाज. उरलेला मार्ग कितीही खोल असला तरी त्याचा उपयोग नाही. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने जलमार्गांचे सात वर्ग ठरवले आहेत. पहिल्या वर्गात १.२ मीटर खोलीवर १०० टनांचे जहाज धरले जाते, तर चौथ्या वर्गात २ मीटर खोलीवर १,००० टनांचे. प्रस्तावात कोणता वर्ग मागायचा, हे मालाच्या गणितातून आले पाहिजे, शेजारच्या जिल्ह्याने काय मागितले यावरून नव्हे.

जलसर्वेक्षण एकदा करून भागत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा अशी किमान दोन सर्वेक्षणे केली, म्हणजे एका मोसमात किती गाळ येतो याचा अंदाज मिळतो. आणि देखभालीचा वार्षिक खर्च या एकाच आकड्यावर अवलंबून असतो. सर्वेक्षणात सर्व खोली एकाच प्रमाणपातळीपासून, म्हणजे मोजणीच्या एकाच आधारपातळीपासून, नोंदवली आहे ना, हे तपासावे. ओहोटीची पातळी आणि सरासरी समुद्रपातळी यांची सरमिसळ झाली की कागदावर मार्ग एक-दोन मीटर खोल होतो, आणि बार्ज मात्र रुतून बसते.

भरतीचा फायदा घेणे ही खाडीमार्गाची सर्वांत मोठी बचत आहे, आणि तिच्याकडे अनेक अहवालांत दुर्लक्ष होते. मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक साधारण ४ ते ५ मीटरांपर्यंत जातो. मुरगावात तो सुमारे २ मीटर असतो. म्हणजे रायगडच्या खाड्यांत भरती धरून ये-जा केली, तर जी खोली उपशाने, म्हणजे तळाचा गाळ काढून, मिळवायला कोट्यवधी रुपये लागतील, ती दिवसातून दोन वेळा फुकट मिळते. गोव्यात ही सवलत कमी आहे. मात्र भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत फरक बराच घटतो, त्यामुळे वेळापत्रक उधाणावर नव्हे, तर भांगाच्या भरतीवर बसवावे. महिन्यातील किती तास भरलेले जहाज उथळ जागा ओलांडू शकते, त्याचा तक्ता करावा, आणि ते तास मालाच्या कराराला पुरत नसतील तेवढ्यापुरताच उपसा मागावा. सर्व तांडेलांना जे पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे, तेच इथे कागदावर मांडायचे आहे.

भरतीची दुसरी बाजू पुलाखाली दिसते. पाणी चढले की पुलाखालची मोकळी उंची तेवढीच कमी होते. म्हणून उभी उंची मोठ्या भरतीच्या पातळीपासून मोजावी, आणि वीजवाहिन्या व नव्या पुलांचे प्रस्ताव यांचीही नोंद घ्यावी. एखाद्या खाडीवर पुढे येऊ घातलेला रस्त्याचा पूल नौकानयनाची उंची न धरता मंजूर झाला, तर जलमार्गाचा वरचा भाग कायमचा बंद होतो. अशा पुलांबाबत हरकत घेण्याची वेळ आराखड्याच्या टप्प्यावरच असते.

पावसाळ्याचा विचार मार्गाच्या मुखापासून सुरू करावा. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा पट्टा पावसाळ्यात वाहतुकीला अडथळा होतो, आणि म्हणूनच त्या महिन्यांत बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात असत. अरुंद आणि वळणावळणाचा हा १७ किलोमीटरचा कालवा गोव्याच्या वाहतुकीत एवढा महत्त्वाचा का, याचे उत्तर तिथे आहे. आपल्या खाडीला असा आडमार्ग नसेल, तर वर्षाचे बाराही महिने वाहतूक होईल असे गृहीत धरून उत्पन्न दाखवू नये.

गाळाबाबत एक गोंधळ हमखास होतो. जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नद्यांतील गाळ काढण्याची मागणी चिपळुणात जोरात झाली आणि काम सुरूही झाले. ते काम पुराचे पाणी लवकर वाहून जावे यासाठीचे आहे. त्याची जागा, खोली आणि मापदंड निराळे आहेत. नौकानयनासाठी लागणारा उपसा प्रामुख्याने खालच्या भरतीच्या पट्ट्यात, ठरावीक रुंदीच्या एका सलग वाटेत करायचा असतो. पूरनियंत्रणाचा निधी जलमार्गाच्या खात्यात दाखवला, तर लेखापरीक्षणात दोन्ही कामे अडकतात. दोन्ही विभागांनी सर्वेक्षण एकत्र करावे, अंदाजपत्रके मात्र वेगळी ठेवावीत.

उपसलेली वाळू आणि गाळ कुठे टाकणार, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर यायला हवा. वाळू विकता येत असेल, तर ती गौण खनिज ठरते, तिच्यावर स्वामित्वधन लागते आणि महसूल विभाग चर्चेत येतो. चिखल विकला जात नाही आणि तो टाकायला जागा लागते. वाळूच्या विक्रीतून उपशाचा खर्च निघेल, अशी मांडणी मोहक वाटते, परंतु तिच्यापासून सावध राहावे. ठेकेदाराला वाळू जिथे चांगली मिळते तिथे उपसा करण्यात रस असतो, आणि जहाजाला गरज असते ती उथळ जागी. सक्शन पंपांनी खड्डे पडलेल्या खाड्यांत काठ ढासळल्याचे अनुभव कोकणात कमी नाहीत.

परवानग्या

येथे थोडक्यात सांगणे पुरे. नदीचा तळ, काठ आणि वाळू राज्याच्या अखत्यारीत, तर राष्ट्रीय जलमार्गावरील नौकानयन केंद्राच्या. त्यामुळे महाराष्ट्रात सागरी मंडळ आणि महसूल विभाग, गोव्यात बंदर कप्तानांचे कार्यालय, आणि केंद्रात जलमार्ग प्राधिकरण अशी निदान तीन दारे वाजवावी लागतात. भांडवली उपशाला, म्हणजे नव्याने खोली वाढवण्याच्या कामाला, पर्यावरण मंजुरी लागते. देखभालीचा उपसा मूळ मंजुरीतच समाविष्ट असेल तर त्याला ती पुन्हा लागत नाही, म्हणून पुढील वर्षांच्या देखभालीचा आराखडा पहिल्याच अर्जात जोडावा. किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी वेगळी, आणि कांदळवन तोडावे लागणार असेल तर महाराष्ट्रात उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. धक्क्याची जागा शंभर मीटर सरकवून हे टळत असेल, तर ती सरकवावी. खाडीत डोल, म्हणजे खांबांना बांधलेले जाळे, लावणाऱ्या मच्छीमारांशी बोलणे सुनावणीच्या दिवशी नव्हे, तर वाट आखण्याआधी व्हावे, कारण डोलींचे खांब कुठे आहेत आणि कोणत्या महिन्यांत आहेत, हे कोणत्याही नकाशात सापडत नाही.

पैसा कोणाकडून आणि कशासाठी

एकच मोठी रक्कम मागणारा प्रस्ताव सहसा फसतो, कारण जलमार्गाच्या प्रत्येक भागाचा लाभार्थी निराळा असतो. वाट, तिची खोली आणि खुणा सर्वांच्या असतात, त्यामुळे त्यांचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. धक्का आणि यंत्रसामग्री वापरणाऱ्याची असते. तिथे खासगी भागीदारी शोभते, आणि प्रकल्प थोड्यासाठी परवडत नसेल तर केंद्राच्या व्यवहार्यता तूट निधी योजनेतून २० टक्क्यांपर्यंत आणि प्रस्ताव मांडणाऱ्या शासनाकडून आणखी २० टक्क्यांपर्यंत अनुदानाची सोय आहे. जहाजे मालकांनी आपल्या जोखमीवर घ्यावीत. चौथा भाग देखभालीचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित.

गंगेवरील जलमार्ग विकास प्रकल्पाची रचना या दृष्टीने अभ्यासावी. हल्दिया ते वाराणसी या सुमारे १,३९० किलोमीटरच्या टप्प्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झालेल्या ५,३६९ कोटी रुपयांपैकी २,५१२ कोटी जागतिक बँकेचे कर्ज, २,५५६ कोटी केंद्राचा वाटा आणि केवळ ३०१ कोटी खासगी भागीदारीतून अपेक्षित होते. वाराणसीचे टर्मिनल नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि साहिबगंजचे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. माल मात्र त्या वेगाने आला नाही. खासगी वाट्याचा तो लहान आकडा मालधन्यांना मार्गावर किती भरवसा होता, याचे आधीच मिळालेले उत्तर होते, असे मला वाटते. याच प्रकल्पातील घेण्यासारखी गोष्ट म्हणजे काही टप्प्यांवर वापरलेला हमी-खोलीचा करार: ठेकेदाराला किती घनमीटर गाळ काढला यावर नव्हे, तर ठरलेली खोली किती दिवस राखली यावर पैसे मिळतात. घनमीटरवर पैसे दिले, तर गाळ दरवर्षी परत येण्यात ठेकेदाराचेच हित असते. छोट्या खाडीसाठीही हाच प्रकार मागावा.

निधी तुटक मिळाला तर काय होते, याचा धडा अमेरिकेतील ओहायो नदीवर मिळतो. १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या दोन जलपाशबंधाऱ्यांच्या (जहाजे वरखाली नेण्याची कुलूपदारे असलेल्या बंधाऱ्यांच्या) जागी ओल्मस्टेड येथे नवे बांधकाम करण्यास १९८८ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा अंदाज ७७.५ कोटी डॉलरचा होता. ते २०१८ मध्ये सुरू झाले तेव्हा खर्च सुमारे ३ अब्ज डॉलरवर पोहोचला होता. पाण्यातच बांधकाम करण्याची अवघड पद्धत आणि दरवर्षी थोडाथोडा मिळणारा निधी, ही दोन्ही कारणे त्यामागे होती. तिथे बार्जच्या डिझेलवरील कर एका विश्वस्त निधीत जमा होतो. २०१५ मध्ये हा कर प्रति गॅलन २० सेंटवरून २९ सेंट झाला, तेव्हा ती वाढ बार्जमालकांच्या संघटनांनीच मागितली होती, कारण जुना बंधारा बंद पडून ताफा खोळंबण्यापेक्षा कर परवडत होता. पुढे मोठ्या बांधकामातील त्या निधीचा वाटा कायद्याने कमी करत आधी ३५ आणि नंतर २५ टक्क्यांवर आणला गेला. वापरणाऱ्यांनी आधी स्वतःचा हात खिशात घातला आणि मग सरकारकडे मोठा वाटा मागितला, हा क्रम लक्षात घ्यावा.

आपल्याकडे याला समांतर असा हक्काचा निधी टिकलेला नाही. केंद्रीय रस्ते निधीतील २.५ टक्के वाटा जलमार्गांना देण्याचा प्रस्ताव केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. पुढच्याच वर्षी त्या निधीचे स्वरूप बदलले आणि वाटप समितीच्या निर्णयावर गेले. म्हणून मार्गापुरता स्वतंत्र देखभाल निधी स्थापन करण्याची अट प्रस्तावात घालावी. प्रति टन एक लहान शुल्क, धक्क्याच्या भाड्यातील ठरावीक भाग आणि किमान मालाच्या करारातील दंड हे तिन्ही एका विश्वस्त खात्यात जमा व्हावेत, आणि ती रक्कम खोली राखण्याखेरीज कशासाठीही खर्च करता येऊ नये. सुरुवातीची वर्षे राज्याने त्यात समान भर घालावी. मालवाहतुकीला प्रोत्साहन म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘जलवाहक’ योजनेत प्रवासखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो खरा, परंतु ती गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या मार्गांपुरती आणि ३०० किलोमीटरपेक्षा लांब वाहतुकीसाठी आहे. कोकणच्या प्रस्तावात तिच्यावर आधारलेले उत्पन्न दाखवणे म्हणजे अर्ज परत येण्याची तयारी करणे होय.

जहाज आणि टर्मिनल

खोली आणि माल ठरल्यावर जहाजाची निवड सोपी होते. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने एका राज्यातील नोंदणी देशभर चालते. परंतु खाडीतून बाहेर पडून किनाऱ्याने जायचे असेल तर अंतर्देशीय नोंदणी पुरत नाही, नदी-समुद्र प्रकारच्या जहाजांचे निकष लागू होतात. वर सांगितल्याप्रमाणे कोकणात नफा बहुधा समुद्राशी जोडलेल्या वाहतुकीतच असल्याने हा खर्च सुरुवातीलाच धरावा. २०२५ च्या अर्थसंकल्पात टनेज कराची (नफ्याऐवजी जहाजाच्या क्षमतेवर ठरणाऱ्या कराची) सवलत अंतर्देशीय जहाजांनाही देण्यात आली आहे. जहाजमालकाच्या परताव्याचे गणित त्यानुसार सुधारून घ्यावे. सपाट तळाचे, कमी बुडणारे जहाज थोडे महाग पडले तरी उपशाचा खर्च दरवर्षी वाचवते, आणि ही तुलना फार थोडे लोक करतात.

टर्मिनल पहिल्या टप्प्यात साधे ठेवावे: तरता धक्का, एक फिरती क्रेन, वजनकाटा, झाकलेली साठवण आणि दोन ट्रक एकमेकांना ओलांडू शकतील असा रस्ता. पक्क्या धक्क्याचा खर्च मालाने सलग दोन मोसम ठरलेली मर्यादा गाठल्यावरच मंजूर व्हावा, अशी टप्प्यांची अट आपणच लिहून द्यावी; निधी देणाऱ्याचा विश्वास त्याने वाढतो. रात्रीच्या वाहतुकीसाठी प्रकाशित बोये आणि जहाजांचा माग ठेवणारी यंत्रणा पहिल्याच टप्प्यात घ्यावी, कारण भरती अर्ध्या वेळा अंधारातच येते आणि ती वाया गेली तर वर मांडलेला तासांचा तक्ता निम्मा होतो.

खोलीची माहिती सर्वांना खुली असावी. प्राधिकरण मोठ्या जलमार्गांची किमान उपलब्ध खोली संकेतस्थळावर देते. आपल्या खाडीसाठी दर पंधरवड्याला उथळ जागांची मोजणी करून ती धक्क्यावर मराठीत फलकावर लावण्याची जबाबदारी उपशाच्या ठेकेदारावर टाकावी, आणि बिलासोबत त्या नोंदींवर दोन तांडेलांच्या सह्या जोडण्याचे बंधन करारात घालावे.